नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या स्विच असेंब्ली लाइनवर ऑटोमेशन किती करावं?

स्विचचे सात प्रकार, दोन शिफ्ट आणि व्हेंडर म्हणतोय पूर्ण लाइन रोबोटवर टाका. माझ्या मते आत्ता नको.

आधी स्टेशनवार सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मोजा. सगळ्यात हळू स्टेशन सोडून दुसरीकडे मशीन लावलं, तर उत्पादन एका नगानेही वाढत नाही. समजा स्क्रू स्टेशनवर शिफ्टला दोन कामगार आहेत, म्हणजे एकूण चार, प्रत्येकी महिना २०,००० रुपये. तिथला रोबोट सेल, म्हणजे रोबोट आणि त्याची सगळी मांडणी, ३५ लाखांचा. पण पार्ट भरायला शिफ्टला एक माणूस लागतोच! म्हणजे वर्षाला वाचले ४.८ लाख, नुसती वसुलीच सात वर्षांवर, मेंटेनन्स वेगळाच. तोवर मॉडेल बदललं तर?

त्यापेक्षा टॉर्क कंट्रोलचा (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर, स्क्रू मोजणारा काउंटर आणि पार्ट उलटा बसूच न देणारं फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारा साचा) घ्या. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, इथेच कमी होतं, आणि त्या मालाचा खर्च बहुतेकजण हिशेबात धरतच नाहीत. स्प्रिंगसारखे एकमेकांत अडकणारे पार्ट हातानेच बसवा. पार्ट आपोआप पुढे सरकवणारा फीडर तिथे सारखा जाम होतो. टेस्टिंग आणि लेझर मार्किंग मात्र खुशाल ऑटोमॅटिक करा, बहुतेक मॉडेलना तेच चालतं.

एकाच मॉडेलची मोठी, पक्की ऑर्डर हातात आली, की रोबोटचं कोटेशन पुन्हा काढा.