'नुरा' म्हणजे मैत्रीपूर्ण लढत नव्हे

प्रश्न असा आलाय: "निवडणुकीच्या बातम्यांत 'नुरा कुस्ती' हा शब्द सारखा दिसतो. नुरा नावाचा कुणी पैलवान होता का? आणि युतीतल्या दोन पक्षांच्या मैत्रीपूर्ण लढतीला नुरा म्हटलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून आमच्या कट्ट्यावर दोनदा चहा गार झालाय. चालणार नाही.

नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली खोटी कुस्ती. कोण पडणार, की कुणीच न पडता बरोबरीत सोडवून घ्यायची, इनाम कसं वाटायचं, हे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायच्या आधीच ठरलेलं असतं. पण नुरातला खरा माणूस हौद्यात नसतोच. तो तिकीट काढून बाहेर बसलेला असतो. त्याला फसवायचं नसेल तर नुरा करायचं कारणच काय? मैत्रीपूर्ण लढत मात्र पत्रकार परिषद घेऊन जाहीर करतात. ती कितीही हास्यास्पद असो (मला वाटते), पण लपवलेली नसते.

कोल्हापुरात हा फरक जागेवर उभं राहून दाखवता येतो. खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह पाठीला पाठ लावून आहेत. दोन्ही राजर्षी शाहूंच्या काळातली; 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली तेव्हा दोन्हीकडे झळ पोचली. भिंतीच्या एका बाजूला भीमानं कीचकाला लोळवलं तर लोक टाळ्या वाजवतात, कारण ते नाटक बघायलाच आलेले असतात. तीच लोळवालोळव भिंतीपलीकडच्या तांबड्या मातीत केली की ती नुरा.

ओळखायची कशी? एका गावच्या जत्रेत, मैदानात बसलो होतो. शेवटून दुसरी कुस्ती, इनाम बऱ्यापैकी. सलामी झाली, खडाखडी म्हणजे डाव टाकायच्या आधीची झटापट सुरू झाली, हलगी कडाडत होती. माझ्या शेजारी फेटेवाले एक आजोबा. चार-पाच मिनिटांनी ते तंबाखू मळत म्हणाले, "नुरा हाय गा ही." मी विचारलं, कशावरून? "त्यानं पट काढायच्या आधीच ह्यानं पाय फुडं दिलाय. आन् मानंवर घुटना ठेवलाय, पण मान बघ की कशी मोकळी वळतीया." पट म्हणजे पाय धरून ओढायचा डाव, घुटना म्हणजे मानेवर दाबलेला गुडघा. बघितलं, तर खरंच. वर घुटना आणि खाली गडी आरामात इकडंतिकडं बघतोय. पंचांच्याही ते लक्षात आलं असावं. दोघांना बाहेर काढलं, इनाम दिलं नाही. आजोबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि पुढच्या जोडीकडं वळले.

आता हीच फूटपट्टी राजकारणाला लावा. 2019 च्या लोकसभेला कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली. काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीतल्या राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांच्या विरोधात गेले आणि शिवसेनेचे संजय मंडलिक निवडून आले. तेव्हा बाहेरच्या एका मित्रानं मला विचारलं होतं, ही नुराच ना? अजिबात नाही. ती काटा कुस्ती होती, म्हणजे खरीखुरी, चुरशीची. 'ठरलंय' म्हणून सांगूनच टाकल्यावर नुरा कसली? काय ठरलंय ते तेवढं सांगितलं नव्हतं, पण ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. आघाडीधर्माचं काय झालं, हा वेगळा वाद. त्याला दुसरे शब्द आहेत.

वाहिन्यांवरच्या चर्चेत एकमेकांवर धावून जाणारे दोघे प्रवक्ते जाहिरात लागताच एका ताटलीतली भजी खात असतील, तर ती नुरा. सिनेमा लागायच्या आठवड्यात अचानक पेटणारं आणि पहिल्या रविवारनंतर विझणारं नायक-नायिकेचं भांडणही बहुतेक वेळा त्यातच जमा. 'बिग बॉस'मधल्या भांडणांना मात्र मी नुरा म्हणणार नाही. तिथं चिडचिड खरी असते, फक्त डाव कुणी टाकत नाही. त्याला आमच्याकडं 'नुसती खडाखडी' म्हणतात. हा शब्द आपले पत्रकार विसरलेत, आणि विधिमंडळाच्या निम्म्या गोंधळाला तोच शोभतो.

राहिला पैलवान. नूरा हे पंजाबकडं नूर मोहम्मद वगैरे नावांचं लाडकं रूप आहे, म्हणून लोक कुणातरी नुरा पैलवानाची गोष्ट जोडून देतात. अर्थ समजायला त्या गोष्टीचं ओझं नको. शब्द उत्तरेकडून आलाय हे खरं. हिंदी-उर्दूत 'नूरा कुश्ती' आहेच, पाकिस्तानातली वर्तमानपत्रंही तिथल्या पुढाऱ्यांसाठी तो वापरतात. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. पैलवान, वस्ताद आणि खुद्द कुस्ती हे फारसीतून आलेत, तालीम अरबीतून. मराठीत लिहिताना मात्र 'नु' ऱ्हस्व काढा: चुरा, सुरा, तसा नुरा. पूजा, भूमी असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा उकार ऱ्हस्व. आणि शब्द एकटा आला तरी कुस्तीचं लिंग सोडत नाही: नुरा झाली, नुरा केली.

परवा एका मथळ्यात 'तिरंगी नुरा' वाचलं. एका कुस्तीत दोघंच धरतात हो. तिघं असतील तर सरळ तिरंगी लढत लिहा.