वाचक विचारतात: लिव्हरपूलमध्ये ‘सन’ का घेत नाहीत?

प्रश्न: माझी पुतणी यंदा लिव्हरपूलला मास्टर्स करायला गेलीय. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होती की तिथे टॅक्सीवर ‘द सन घेऊ नका’ असं स्टिकर बघितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात तो पेपर ठेवतच नाहीत, आणि हिने सहज त्याची एक लिंक ग्रुपवर टाकली तर रूममेटचा लगेच पर्सनलवर मेसेज, डिलीट कर म्हणून. फुटबॉलचं काहीतरी जुनं भांडण आहे म्हणे. एका पेपरवर एवढा राग? — एक वाचक, सातारा

उत्तर: ‘द सन’ हा लंडनचा चटपटीत बातम्यांचा रोजचा पेपर. सुरुवात फुटबॉलच्या मैदानावर झाली हे खरं, पण हे फुटबॉलचं भांडण नाही. 15 एप्रिल 1989, शनिवार, एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर. तेव्हा स्वस्त तिकिटाची लोकं उभं राहूनच मॅच बघायची, आणि कोणी मैदानात उतरू नये म्हणून समोर लोखंडी जाळ्या, दोन्ही बाजूंना कठडे, म्हणजे सरळ सरळ पिंजरेच. लेपिंग्ज लेनच्या बाजूला, म्हणजे लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या बाजूला, आत जायची फिरती दारं अपुरी, बाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलीस बंदोबस्ताचा प्रमुख डेव्हिड डकेनफिल्ड याने बाहेर जायचं मोठं गेट उघडायला लावलं. आत शिरलं की समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या पिंजऱ्यांत जायचा, जे आधीच भरलेले. बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण बोगदा कोणी बंद केला नाही आणि लोकांना कोणी तिकडे वळवलं नाही. 3 वाजून 6 मिनिटांनी मॅच थांबवली. त्या दिवशी लिव्हरपूलचे 94 प्रेक्षक चेंगरून गेले. आज आकडा 97 आहे, शेवटचे गृहस्थ 2021 मध्ये वारले, तेही त्याच दिवशीच्या दुखापतींमुळे.

गेट प्रेक्षकांनी फोडलं असं डकेनफिल्डने त्याच दुपारी सांगितलं होतं, म्हणजे खोट्याची सुरुवात पोलिसांकडून झाली. पण बुधवारी, 19 तारखेला, ‘सन’ने पहिल्या पानावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं: ‘द ट्रूथ’, म्हणजे सत्य. खाली तीन ओळी. काही प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांच्या अंगावर लघवी केली, काहींनी तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. माहिती कुठून आली तर शेफिल्डची एक न्यूज एजन्सी, पोलीस, आणि आयर्विन पॅटनिक नावाचा हुजूर पक्षाचा खासदार. हे आरोप इतर पेपरांनीही छापले होते हो, पण ‘म्हणे’, ‘असा आरोप’ अशी सावध भाषा ठेवून. ‘सत्य’ हा शब्द लावायचा निर्णय संपादक केल्विन मॅकेन्झीचा. ज्या घरात अजून अंत्यसंस्कार व्हायचे होते त्या घराच्या दारात हा पेपर पडला. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत लोकांनी अंकांची होळी केली, आणि तिथून जो खप पडला तो तिथे परत वर आलाच नाही.

प्रश्न: ठीक आहे, चूक केली. पण 36 वर्षं? आपल्याकडे तर चिनी माळांवरचा बहिष्कार दिवाळी संपेपर्यंतसुद्धा टिकत नाही. माफी मागितली नाही का त्यांनी? — एक वाचक, पुणे

उत्तर: चिनी माळांचं बरोबर बोललात. माफी मागितली, पण कधी ते बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलरच्या चौकशीचा पहिला अहवाल आला आणि त्यात मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणातलं अपयश असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे चार महिन्यांत पेपरचं ‘सत्य’ उघडं पडलं होतं. तरी पानभर माफी आली ती 2004 मध्ये, तीसुद्धा फुटबॉलपटू वेन रूनीने (हा एव्हर्टनचा, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, पण पोरगा लिव्हरपूलचाच) त्यांना आपली स्टोरी विकल्यावर शहराने त्याला धारेवर धरलं तेव्हा. मॅकेन्झीने 1993 मध्ये खासदारांच्या समितीपुढे चूक मान्य केली आणि 2006 मध्ये एका जेवणाच्या कार्यक्रमात ‘मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही’ असं म्हणाल्याचं छापून आलं. मग 2012 मध्ये स्वतंत्र पॅनेलचा अहवाल आला, त्यात बाहेर पडलं की पोलिसांचे 164 जबाब नंतर बदलले होते आणि त्यातल्या 116 मधून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती, तेव्हा पेपरने परत माफी छापली, हेडलाइन ‘द रिअल ट्रूथ’. आणि 2016 मध्ये मृत्यूंच्या नव्या चौकशीतल्या ज्युरीने हे बेकायदा मृत्यू होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा यात काही दोष नव्हता असा निकाल दिला, तर दुसऱ्या दिवशी देशभरच्या बहुतेक पेपरांच्या पहिल्या पानावर ती बातमी, ‘सन’च्या पहिल्या पानावर नाही!

मला विचाराल तर हा 36 वर्षांचा एक राग नाहीच, दर काही वर्षांनी नवीन कारण देऊन तो ताजा केलाय, आणि बहुतेक वेळा पेपरनेच.

प्रश्न: कोणी नेता नाही, पक्ष नाही, तरी अख्खं शहर पाळतं हे कसं काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: शहर मुळात थोडं वेगळंच वागणारं आहे. बंदराचं गाव, दुष्काळात आलेल्या आयरिश लोकांनी भरलेलं, पाठ इंग्लंडकडे आणि तोंड समुद्राकडे. (एके काळी आपल्या अमरावतीचा कापूस याच बाजारात ‘उमरा’ नावाने विकला जायचा, अमेरिकन यादवीच्या काळात तर मुंबईचे शेठ लोक लिव्हरपूलच्या भावावरच नाचत होते.) मग गोद्या बंद पडल्या, बेकारी आली, 1981 मध्ये टॉक्स्टेथची दंगल झाली, आणि त्याच वर्षी पंतप्रधान थॅचरबाईंचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी ‘मॅनेज्ड डिक्लाइन’चा विचार करावा असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे शहर हळूहळू मरू द्यावं. ते कागद 30 वर्षांनी बाहेर आले, पण लंडनला आपण नको आहोत हे लोकांना त्याआधीच कळलं होतं. आळशी, चोर, रडके असले विनोद त्यांच्यावर चालायचेच. त्यामुळे ‘खिसे कापले’ हे वाचलं तेव्हा त्यांना फक्त त्या दिवसाबद्दलचं खोटं दिसलं नाही, आपल्याबद्दल देश काय समजतो ते छापील दिसलं. ‘आम्ही इंग्लिश नाही, आम्ही स्काउझ’ (म्हणजे लिव्हरपूलवाले) असे बॅनर मैदानात लागतात ते उगाच नाही.

यात एव्हर्टनवाले पण आले, हे महत्त्वाचं. त्याच आठवड्यात एव्हर्टनच्या तेव्हाच्या गुडिसन पार्क मैदानापासून लिव्हरपूलच्या अॅनफिल्डपर्यंत, मधलं स्टॅनली पार्क ओलांडून, एव्हर्टनचे निळे आणि लिव्हरपूलचे लाल मफलर एकाला एक बांधून सलग रांग केली होती. एकाच घरात एक भाऊ निळा, एक लाल असायचा तिथे, मग बहिष्कार एका क्लबचा कसा राहील?

आणि आपल्या माणसालाही सोडत नाहीत. ग्रॅहम सूनेस हा लिव्हरपूलचा जुना कॅप्टन, 1992 मध्ये मॅनेजर, हार्टचं ऑपरेशन झालं आणि त्याची स्टोरी त्याने ‘सन’ला विकली. फोटोसकट छापून आली ती नेमकी 15 एप्रिलला, तिसऱ्या स्मृतिदिनी. त्याने नंतर कितीदा माफी मागितली, पण लोकांच्या मनातून तो जो उतरला तो उतरलाच. नेता कशाला लागतो, दुकानदाराला गिऱ्हाईक विचारतंय ‘हा इथे काय करतोय’ एवढं पुरतं.

प्रश्न: पण ही प्रेसची मुस्कटदाबी नाही का? आणि पेपर तर अजून चालूच आहे, मग उपयोग काय झाला? — एक वाचक, नागपूर

उत्तर: सरकारी बंदी नाही, छापायला कोणी अडवलं नाही, लोक विकत घेत नाहीत एवढंच, आणि न घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. 2017 मध्ये मात्र लिव्हरपूल क्लबने त्यांच्या पत्रकारांना मैदानात यायला बंदी केली, आणि दोनच महिन्यांनी एव्हर्टननेही (मॅकेन्झीने त्यांचा खेळाडू रॉस बार्कलीची तुलना गोरिलाशी केली होती, त्याचे आजोबा नायजेरियन). राग समजतो, पण पत्रकाराला दार बंद करणं मला तितकं पटत नाही, उद्या तेच शस्त्र चांगल्या पेपरवरही चालेल.

उपयोगाचं म्हणाल तर एक मजेशीर गोष्ट. 2022 मध्ये दोन राज्यशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला, की ‘सन’ वर्षानुवर्षं युरोपियन युनियनच्या विरोधात लिहीत होता आणि मर्सीसाइडमध्ये (लिव्हरपूल आणि आसपासचा भाग) तो वाचणं बंद झाल्यामुळे तिथला युरोपविरोध कमी झाला. ब्रेक्झिटला देशात 52 टक्के ‘बाहेर पडा’ म्हणाले, लिव्हरपूलमध्ये 58 टक्के ‘राहा’. आता तिथे लेबर पक्षाचंही वजन, सगळं श्रेय बहिष्काराला देऊ नका, तरी पेपर न वाचल्याने मत बदलतं हे पेपरात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला जरा टोचतंच.

प्रश्न: शेवटी शिक्षा कोणाला झाली? — एक वाचक, सातारा (पुतणीनेच विचारायला सांगितलंय)

उत्तर: डकेनफिल्ड 2019 मध्ये निर्दोष सुटला. जबाब बदलल्याचा खटला 2021 मध्ये कोसळला, कारण काय तर ते जबाब चौकशी आयोगासाठी होते, कोर्टासाठी नव्हते. हिल्सबरो मैदान ज्यांचं त्या शेफिल्ड वेन्सडे क्लबच्या तेव्हाच्या सेक्रेटरीला सुरक्षेच्या नियमाखाली 6,500 पाउंड दंड, तेवढंच. आता सरकारी अधिकाऱ्यांना चौकशीत खरं बोलायला बांधणारा कायदा, ज्याला तिथे ‘हिल्सबरो लॉ’ म्हणतात, त्याचं विधेयक सप्टेंबर 2025 मध्ये संसदेत मांडलंय. आणि पुतणीने लिंक डिलीट केली असेल तर रूममेट काही मनात ठेवणार नाही, नव्याने आलेल्यांना ते एकदा सांगतातच.