हेडलाइट झकास, बॅटरी मात्र गायब: जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे तीन प्रश्न

या महिन्यात जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतो. पहिल्याला जागा जास्त देतोय कारण तीच तक्रार घेऊन निम्मं नागपूर दरवर्षी नवतप्यानंतर (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) बॅटरीच्या दुकानात उभं असतं.

प्रश्न (मानेवाडा): दादा, माझी २००३ ची स्प्लेंडर आहे, बाबांची होती, विकायची नाही म्हणजे नाही. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या टाकल्या. सकाळी हॉर्न नुसता घोगरा वाजते, इंडिकेटर लागते पण ब्लिंक करत नाही. हेडलाइट मात्र फर्स्टक्लास, म्हणून मेकॅनिक म्हणते चार्जिंग ओके आहे, बॅटरीच खराब निघाली. आता तिसरी घ्यायला सांगून राहिला. घेऊ का जी?

उत्तर: नका घेऊ, अजून तरी नका घेऊ. तुमच्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही हो. मॅग्नेटोतून (इंजिनसोबत फिरून वीज बनवणारा भाग) पिवळी वायर निघते तिच्यावर तो थेट एसी करंटवर चालतो, आणि बॅटरी चार्ज होते ती वेगळ्या पांढऱ्या वायरवरून, आरआर युनिटमधून (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) डीसी होऊन. म्हणजे चार्जिंग पूर्ण बंद असलं तरी हेडलाइट मस्त पडतो आणि गाडी किकवर सुरू होते, कारण स्पार्कलाही बॅटरी लागत नाही. त्यामुळे हेडलाइट बघून चार्जिंग ओके म्हणणं चूक आहे.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावा, चांगली चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसेल, १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे. मग गाडी सुरू करून चांगली रेस द्या, आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये चढायला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंग पोचत नाहीये. आणि १५.५-१६ वर गेला तर उलटं, आरआर कंट्रोल करत नाहीये, बॅटरी आतून उकळते आणि तिचं पाणी उडतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत ते तसंही उडतंच, म्हणून पाणीवाली बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका, फिल्टरचं नको, बोरचं तर अजिबात नको.

समजा आकडा चढत नाही. तरी आरआर लगेच विकत आणू नका. मी स्वतःच्या गाडीला आरआर बदलला, बॅटरी बदलली, आणि शेवटी निघालं काय तर फ्यूजच्या डब्यातली पत्ती हिरवी पडली होती, करंट तिथेच अडकत होता. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय मी कोणालाच पार्ट सांगत नाही. तुम्ही असं करा, गाडी चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा आरआरच्या कपलरमधल्या (वायरी जोडायचा प्लग) हिरव्या वायरवर लावा, जवळजवळ शून्य यायला पाहिजे. ०.२ व्होल्टच्या वर आला तर अर्थचा, म्हणजे गाडीच्या बॉडीतून मायनसला जोडणारा, जॉइंट खराब. तसंच बॅटरीचा प्लस ते आरआरची लाल वायर, फ्यूज याच रस्त्यात येतो. जॉइंट सापडला की बारीक सँडपेपरने घासा, घट्ट बसवा, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा, काम झालं.

जॉइंट चांगले आणि चार्जिंगही बरोबर असेल, तर रात्री काहीतरी बॅटरी पितंय. चावी बंद करून मायनसची वायर काढा आणि मधे मीटर मिलिअँपिअरवर लावा (या वेळी चावी चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल). तुमच्या गाडीत घड्याळ नाही काही नाही, त्यामुळे आकडा शून्यच पाहिजे. हिशोब बघा, बॅटरी २.५ अँपिअर-अवरची, गळती फक्त ५० मिलिअँपिअर असली तरी पन्नास तासांत खलास. शनिवारी गाडी लावली की सोमवारी हॉर्न गेला. आकडा दिसला तर आरआरचा कपलर काढून बघा, शून्य झाला तर आतला डायोड लीक आहे, आणि मग मात्र आरआर बिनधास्त बदला.

प्रश्न (कामठी): आरएक्स १०० आहे. हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडते. गॅरेजवाल्याने वैतागून फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावून दिली, तेव्हापासून चालू आहे. राहू देऊ का?

उत्तर: आज संध्याकाळपर्यंत ती तार काढा, कळकळीने सांगतोय. शॉर्ट तसाच आहे, फक्त आता फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळेल आणि ते वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जातं.

शॉर्ट शोधायला फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब होल्डरसकट जोडा. इंजिन बंद, बाकी स्विच बंद, फक्त चावी चालू. हँडल सावकाश डावीकडे न्या, शॉर्ट झाला की बल्ब भक्कन लागेल आणि बल्बच करंट अडवतो म्हणून काही जळत नाही. आता एकेक वायर हाताने हलवत जा, बल्ब विझला ती जागा. बहुतेक वेळा हँडलच्या मुंडीपाशी, जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) फ्रेमवर घासून कव्हर फाटतं तिथेच सापडतं. नवा तुकडा सोल्डर करा, वरून स्लीव्ह चढवा आणि डब्यावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका.

आणि कोणी हीरो होंडावाला मित्र मदतीला आला तर त्याला आधी सांगा की यामाहात काळी वायर अर्थ असते. होंडात अर्थ हिरवी आणि काळीत चावी चालू केल्यावर करंट येतो, या गोंधळात चांगली गाडी शॉर्ट केलेले लोक मी पाहिलेत.

प्रश्न (हिंगणा): पोळ्याच्या पावसात भिजली की माझी जुनी हीरो होंडा किक मारून मारून सुरू होत नाही, दुपारी ऊन पडलं की एका किकमध्ये सुरू. काहून?

उत्तर: बहुतेक चावीच्या स्विचमध्ये पाणी जातंय. या गाड्यांत चावी बंद केली की काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि सीडीआयचा (प्लगला स्पार्क देणारा डबा) स्पार्क बंद पडतो. आत ओल राहिली की चावी चालू असूनही ती वायर अर्थच राहते. भिजलेली असतानाच ती वायर जॉइंटवरून काढून किक मारा. सुरू झाली तर स्विच वाळवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नाहीतर नवा टाका. वायर काढलेली असताना गाडी चावीने बंद होणार नाही, ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये क्लच सोडा म्हणजे बंद पडेल.

तरीही नाही झाली तर प्लगची कॅप फिरवून काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप परत फिरवून बसवा.