सशाच्या पिल्लाची आई संध्याकाळी येते

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट मिळाली. आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. सशाचं पिल्लू आईचं न ऐकता बिळाबाहेर पडतं, कोल्ह्याच्या तावडीत सापडता सापडता वाचतं, रडत घरी येतं आणि ‘आता मी नेहमी तुझं ऐकेन’ म्हणत कुशीत शिरतं. भाषा स्वच्छ आहे, वाचताना जीभ कुठे अडखळत नाही. पिल्लाविषयीची तुझी मायाही खरी आहे, ती ओळीओळीत कळते. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

तुझा ससा पांढराशुभ्र आहे, गाजर खातो आणि बिळात राहतो. हा पाळीव ससा. त्याचे पूर्वज युरोपातले, बिळं खणून राहणारे. आपल्या माळावरचा रानससा निराळा. अंग भुरकट तपकिरी, मानेच्या मागं काळा डाग, आणि तो बीळ खणतच नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगानं दाबून केलेला एक उथळ खळगा, तेवढंच त्याचं घर. दिवसभर कान पाठीला चिकटवून तो तिथं बसून राहतो. आपण अगदी पायाशी जाईपर्यंत हलत नाही आणि मग असा उसळतो की आपणच दचकतो.

हे मी तुझ्या चुका काढायला सांगत नाही. सशाचं खरं घर कळलं की तुझी गोष्टच बदलते, म्हणून सांगते आहे. बीळ नाही म्हणजे दार नाही, भिंत नाही, ‘घराबाहेर जाऊ नकोस’ हे वाक्यही नाही. मग आई पिल्लाला सांभाळते कशी?

ती लांब राहून सांभाळते. रानसशाचं पिल्लू जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर लव घेऊन येतं. थोड्याच दिवसांत भावंडंसुद्धा एकमेकांपासून वेगळी होऊन आपापल्या जागी दडून बसतात, म्हणजे एक सापडलं तरी बाकीची वाचावीत. आई दिवसभर त्यांच्याकडे फिरकत नाही. ती तिथं घुटमळत राहिली तर तिच्या वासानं, तिच्या हालचालीनं कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांना माग लागेल. रानसशांचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे की आई साधारण दिवसातून एकदाच येते, तीही अंधार पडू लागल्यावर. पिल्लं त्या सुमाराला एका ठिकाणी जमतात, काही मिनिटं दूध पितात आणि परत पांगतात. ते दूध फार सकस असतं, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरतं.

आता सांग, यात तुला गोष्ट दिसत नाही का? मला तर अगदी समोर दिसते. एक पिल्लू आहे, त्याला दिवसभर हलायचं नाही. ऊन सरकतं, गवताची सावली या अंगावरून त्या अंगावर जाते, नाकतोडा पाठीवर बसून उडून जातो. लांब पावलं वाजतात, कान त्या बाजूला वळतो, पावलं निघून जातात. पिल्लाला आईची आठवण येते. ती का येत नाही? मग आभाळ तांबडं होतं, टिटवी ओरडते, आणि गवतात ओळखीची सळसळ होते.

तुझे वाचक कोण आहेत, याचा विचार कर. त्यांतली कितीतरी मुलं संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असतात. काहींची आई शेतात असते, काहींची रुग्णालयात रात्रपाळी करते, काहींचे आईवडील कामासाठी दुसऱ्या गावी असतात आणि ती आजीजवळ वाढतात. त्या मुलांना बिळात चोवीस तास पिल्लाला कुशीत घेऊन बसलेली आई दाखवलीस, तर ‘माझी आई अशी का नाही’ एवढंच त्यांच्या हाती पडेल. लांब राहणारी, पण ठरल्या वेळी न चुकता येणारी आई त्यांच्या ओळखीची आहे. तिचं लांब असणं हेसुद्धा सांभाळणंच आहे, हे एका सशाच्या पिल्लाकडून कळलं तर केवढा दिलासा आहे त्यात! तो दिलासा तू शब्दांत सांगू नकोस. सळसळ ऐकू येऊ दे, तेवढं बस.

तुझ्या गोष्टीत ‘आईचं पिल्लावर खूप प्रेम होतं’ हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतं. ती सगळी वाक्यं काढून टाक. लहान मुलांना प्रेम हे नाम कळत नाही, कामं कळतात. आपली चिऊ-काऊची गोष्ट आठव. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिऊच्या दारात येऊन उभा राहतो. चिऊ काय म्हणते? थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, बाळाला अंगडं घालते. थांब, काजळ-तीट लावते. थांब, दूध पाजते. थांब, निजवते. त्या गोष्टीत माया हा शब्दच नाही आणि सगळी गोष्ट मायेनं भरलेली आहे. ऐकणाऱ्या मुलाची स्वतःचीच सकाळ तिथं क्रमानं उलगडते, म्हणून ‘थांब’ आलं की ते पुढचं काम आधीच सांगून टाकतं. बाहेर काऊ भिजतो आहे आणि आत बाळाचं सगळं सावकाश चाललं आहे, या ताणामुळे तीन वर्षांचं मूलसुद्धा जागचं हलत नाही. लोककथांनी हे किती साधेपणानं साधलं आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

तू म्हणशील, चिमणी कुठं काजळ लावते? बरोबर आहे. प्राण्यांच्या गोष्टी दोन जातीच्या असतात. एकीत प्राणी म्हणजे आपणच असतो, चिऊचं नाव घेतलेली शेजारची काकू. दुसरीत प्राणी हा प्राणीच असतो आणि आपण त्याच्या अंगात शिरून जग बघतो. दोन्ही खऱ्या, दोन्ही हव्यात. पण लिहायला बसताना एकच निवड. तुझं पिल्लू एका पानावर वास घेऊन धोका ओळखतं आणि पुढच्या पानावर दप्तर घेऊन शाळेत जातं. तिथं मुलाचा विश्वास सुटतो. ते तसं बोलून दाखवत नाही, फक्त खिडकीबाहेर बघायला लागतं. तुझ्या हाताला दुसरी जात शोभेल असं मला वाटतं, कारण पावसाच्या आधीच्या मातीच्या वासाचं तुझं वर्णन फार चांगलं आहे. सशाला बोलू दे, पण सशाला जे कळतं तेवढंच बोलू दे. कान, नाक आणि मागचे पाय एवढ्यावर त्याचं जग उभं कर.

कोल्ह्याविषयीही थोडं सांगायचं आहे. तो तुझ्याकडे लबाड आणि दुष्ट होऊन आला आहे, जसा तो पंचतंत्रापासून येतो आहे. प्रत्यक्षात कोल्हा-कोल्हीण जोडीनं राहतात आणि दोघं मिळून पिल्लं वाढवतात. खाऊन पोटात आणलेलं अन्न ते बिळापाशी येऊन पिल्लांपुढं ओकतात. कधी कधी आदल्या वर्षीचं मोठं झालेलं पिल्लू लगेच निघून न जाता थांबतं आणि नव्या भावंडांची राखण करतं. ही तर ताईची गोष्ट झाली! धाकट्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या किती मुलींना ती आपली वाटेल. याच गोष्टीत ती घाल असं मी म्हणत नाही, ती वेगळी लिही. पण या गोष्टीतला कोल्हा पिल्लाच्या जवळून जाईल, तेव्हा त्याच्याही घरी कुणी वाट बघत आहे हे लिहिणाऱ्या तुला ठाऊक असू दे. मग तू त्याला ‘दुष्ट’ म्हणणार नाहीस. तो भुकेला आहे, एवढं लिहिशील. पिल्लाची भीती त्यानं कमी होणार नाही, उलट खरी होईल.

आता शेवट. ‘आता मी नेहमी तुझं ऐकेन’ हा शेवट मोठ्यांना आवडतो, कारण तो मोठ्यांच्या सोयीचा आहे. मोठं होण्याच्या गोष्टीत पिल्लू शेवटी सुरुवातीपेक्षा लहान होऊन कुशीत शिरत असेल, तर ते मोठं झालंच नाही. प्राण्यांकडे बघ, ते किती निराळं करतात. राखी धनेश हा पक्षी तू शहरातसुद्धा वडा-पिंपळावर पाहिला असशील. त्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, फळांच्या चोथ्यानं ढोलीचं तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. बाप आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लांनाही भरवतो. पिल्लं जरा मोठी झाली की आई लिंपण फोडून बाहेर येते, आणि मग आत राहिलेली पिल्लं ते तोंड स्वतः पुन्हा लिंपून घेतात. हे प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते. काल आईनं जे केलं ते आज पिल्लू आपल्या चोचीनं करतं. पंख अजून पुरते आलेले नाहीत, पण आपलं दार आपण लिंपायचं हे त्याला कळलं आहे.

तुझ्या सशाकडेही असाच क्षण आहे. साधारण महिनाभरानं आई दूध पाजायला येणं थांबवते. मात्र त्याच्या कितीतरी आधी पिल्लानं गवत कुरतडायला सुरुवात केलेली असते. हा शेवट तू लिहून बघ. संध्याकाळ होते, पिल्लू नेहमीच्या जागी येतं, सळसळ होत नाही. ते थोडं थांबतं. मग भूक लागते आणि ते समोरचं कोवळं गवत खायला लागतं. तुला वाटेल मुलं रडतील. एखादं रडेलही. पण गवताची चव तू आधीच्या पानांवर पेरून ठेवलीस, पहिल्यांदा तोंड वेडंवाकडं करून थुंकलेलं पातं, मग हळूहळू आवडायला लागलेला हरळीचा कोंब, तर मुलं रडणार नाहीत. त्या पिल्लाचा त्यांना अभिमान वाटेल. ही पेरणी कर, तिथं घाई करू नकोस.

तात्पर्य छापू नकोस, हे वेगळं सांगायला नको. दोनतीन नादाचे शब्द निवड आणि तेच फिरवून वापर. सशाच्या उडीला एक, गवताला एक. चित्रकाराला जागा ठेव. ससा कसा दिसतो हे चित्र सांगेल, तू त्याला काय ऐकू येतं ते सांग. आणि लिहून झाल्यावर एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखव, पण ‘आवडली का?’ असं विचारू नकोस, ते तुझ्याकडे बघून हो म्हणेल. दुसऱ्या दिवशी त्यालाच गोष्ट सांगायला लाव. जे तो विसरेल ते बहुतेक तुझ्या गोष्टीतही नको असलेलं निघेल.

नंतर ‘किशोर’कडे पाठव. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आहे आणि मुलं ते अजूनही आवडीनं वाचतात. त्याआधी मात्र नवा खर्डा मला वाचायला दे. कोल्हा जवळून जातो तो परिच्छेद तू कसा लिहितेस, याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

तुझ्या
बाई