संशोधनाचा 'वाटा' की 'योगदान'?

नाशिकला अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "प्रकल्पाचं शीर्षक 'द्राक्षशेतीच्या वाढीतील सरकारी संशोधनाचा वाटा' असं ठेवू की 'योगदान' म्हणू? दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत, आणि या विषयात तर हा फरक जपायलाच हवा.

'वाटा' आला वाटण्यातून. वाटा म्हटला की आधी एकूण रास हवी आणि सगळ्यांचे वाटे मिळून ती पुरी भरायला हवी. निफाड-दिंडोरीकडे शेती वाट्याने देतात तेव्हा खत-बियाणं कोणाचं, पिकातलं किती कोणाला, हे आधीच बोलून ठेवलेलं असतं. संशोधनाचं असं नसतं. डॉगरिज खुंट घ्या (खुंट म्हणजे ज्या मुळावर दुसऱ्या वेलीचं कलम बांधतात तो). वेल मुळात टेक्सासची. क्षार आणि पाण्याचा ताण ती सोसते, हे आपल्याकडे सरकारी संस्थांच्या चाचण्यांतून पुढे आलं. पण त्यावर थॉमसन या द्राक्षजातीचं पाचर कलम बांधून घेतलं बागायतदाराने, ठिबकसाठी कर्जही त्यानेच काढलं, आणि माल टिकला तो शीतगृहामुळे. यातलं एक काढून घेतलं तरी बाकीच्यांचं मोल उतरतं. मग प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते!

दुसरी अडचण टळलेल्या नुकसानाची. २००३ मध्ये कीडनाशकांच्या उर्वरित अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली. त्यानंतर निर्यातीच्या मालाची अंश-तपासणी पद्धतशीर सुरू झाली आणि त्यात पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं काम मोलाचं ठरलं. जे नुकसान झालंच नाही ते वाढीच्या आकड्यात दिसत नाही. त्यातला वाटा कशातून काढणार?

आकडा द्यायचाच असेल तर 'परतावा' म्हणा, आणि तो कसा काढला तेही लिहा. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा हिशेब मांडला. हे वाण नसतं तर समाजाचं किती नुकसान झालं असतं, हे काढून त्यांनी ते संशोधनाच्या खर्चाशी ताडलं. परतावा आला दरसाल किमान ७०० टक्के. मात्र हे निवडून घेतलेलं यश आहे, फसलेल्या प्रयोगांचा खर्च त्यात नाही, हेही त्यांनी स्वतःच नोंदवलं. मला तो प्रामाणिकपणा आकड्याहून मोठा वाटतो.

आता 'योगदान'. संस्कृतात याचा एक अर्थ कपटाने दिलेलं दान असा होता, म्हणून काही जण आजही हा शब्द टाळतात. मला तो आक्षेप पटत नाही. आज मराठीत तो अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. तरी बोलीतला 'हातभार' मला जास्त आवडतो. त्यात अनेक हात गृहीत असतात आणि कोणाच्या हाताने किती पेललं ही वाटणी नसते.

तेव्हा शीर्षक असं ठेवा: 'द्राक्षशेतीच्या वाढीला सरकारी संशोधनाचा हातभार'. मार्गदर्शकांना 'हातभार' घरगुती वाटला तर 'योगदान' चालेल. 'परतावा' आतल्या तक्त्यात येऊ द्या.