साठा किती आणि हाती येणारा किती?

प्रश्न (वणी) : देशात 35,000 कोटी टनांहून अधिक कोळसा आहे आणि वर्षाला सुमारे 100 कोटी टन काढला जातो. मग 350 वर्षांची निश्चिंती आहे, हा हिशेब बरोबर आहे का?

भागाकार बरोबर आहे, भाज्य मात्र चुकीचे घेतले आहे. या आकड्यात 1200 मीटर खोलीपर्यंतचा कोळसा धरलेला असतो आणि त्यातला काही भाग तर निव्वळ अनुमानाचा असतो. उघड्या खाणी सहसा यापेक्षा पुष्कळ वरच थांबतात, कारण खोली वाढली की एक टन कोळशामागे उपसावी लागणारी माती परवडेनाशी होते. वणी परिसरात आपण ओबीचे (कोळशाच्या वरून काढलेल्या माती-दगडांचे) जे डोंगर रोज पाहता, ते याच उपशाचे. भूमिगत खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब सोडावे लागतात आणि पुढे ते सगळे काढता येतातच असे नाही.

प्रश्न (चंद्रपूर) : आपल्या कोळशात इतकी राख का? कोळसा धुतल्याने ती जात नाही का?

वर्धा खोऱ्यातील कोळशाचे एखादे ढेकूळ उन्हात धरून पाहावे. काचेसारख्या चकाकणाऱ्या काळ्या पट्ट्यांमध्ये मळकट करड्या पट्ट्या दिसतात. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, गोंडवनाच्या महाखंडावर, वनस्पतींचे अवशेष साचत होते तेव्हा पुराबरोबर येणारा बारीक गाळही त्यांत मिसळत गेला, आणि तोच आज राख म्हणून उरतो. डाळीतले खडे निवडता येतात. कणकेत कालवलेली माती कशी निवडणार? वॉशरीत राख काही प्रमाणात घटते, पण टाकाऊ मालाबरोबर चांगला कोळसाही जातो. औष्णिक केंद्रात 100 टन कोळसा जळल्यावर 35-40 टन राख उरणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. तिचा काही भाग सिमेंट आणि विटांसाठी जातो, उरलेली राख बंधाऱ्यात साठत राहते. आणि ही राख आपण कोळशाच्या भावाने रेल्वेतून वाहून आणलेली असते, हे सहसा कोणी बोलत नाही.

प्रश्न (पाटण, जि. सातारा) : आमच्याकडे खोल खणले तर कोळसा लागेल का?

आपल्याच तालुक्यात याचे उत्तर मिळाले आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या एका खोल विंधनछिद्रात सुमारे 930 मीटर काळा पाषाण संपताच थेट ग्रॅनाइटी खडक लागला. कोळसा ज्यांत असतो ते गाळाचे खडक मध्ये आढळलेच नाहीत.

प्रश्न (उरण) : मुंबई हाय 1974 मध्ये सापडले. इतक्या वर्षांत तेथील तेल संपले कसे नाही?

समुद्रतळाखाली तेलाचे तळे आहे, ही समजूत आधी सोडावी. ते तेल प्रामुख्याने चुनखडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असावे तसे, भरलेले आहे आणि सुरुवातीला खडकातील नैसर्गिक दाबानेच ते वर येते. दाब ओसरू लागला की काही विहिरींतून समुद्राचे पाणी आत ढकलून तेल इतर विहिरींकडे रेटतात. कालांतराने तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते आणि ते वेगळे करण्याचा खर्चही वाढतो. शेवटी हा खर्च मिळणाऱ्या तेलाच्या किमतीपेक्षा जास्त झाला की विहीर बंद होते. त्या दिवशीही खडकात बरेच तेल शिल्लकच असते.