पृथ्वीच्या पोटातला दगड घट्ट असूनही वाहतो म्हणतात, ते कसं?

हा प्रश्न आमच्या दाजींनीच कुणाला तरी विचारायला लावलाय की काय, अशी शंका आली. मी कराडचा, जिऑलॉजीत बीएस्सी. दाजी पाटण तालुक्यातले, भूगोलाचे निवृत्त मास्तर. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठण्याला तीन किलोमीटरचं बोअर मारलं, 2017 साली ते पूर्ण झालं. तेव्हा यांनी गावभर सांगितलं, आता लाव्हा वर येणार. लाव्हा कुठला यायला? सव्वा किलोमीटर काळा कातळ लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.

त्यांच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. मी बोलून गेलो, की कवचाखालचं प्रावरण द्रव नाही, घट्ट दगडच आहे आणि तोच वाहतो. दाजींनी गड्याच्या हातातली पहार घेऊन कातळावर हाणली. ठिणगी उडाली, नखाएवढी कपची निघाली. "बघ, कसा वाहतोय!" सगळे हसले. ताईसुद्धा.

तर, विहिरीतला दगड थंड आणि मोकळा, म्हणून तडकतो. शंभर-दोनशे किलोमीटर खाली तापमान हजार अंशांच्या पुढे आणि दाब असा, की तडा उघडायला जागाच नाही. मग स्फटिक आतून सरकतात. अणूंच्या रांगांमध्ये कुठेतरी एखादी रांग अर्धवट सुटलेली असते, ती खोट एकेक घर पुढे जाते. मांडवातलं जाजम ओढून हलत नाही, पण टोकाला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत नेली की सरकतं, तसं. वेग वर्षाला काही सेंटिमीटर. वितळत नाही, कारण दाबाबरोबर वितळायचं तापमानही चढतं.

दाजींचा हुकमी सवाल: "मग सह्याद्रीचा कातळ कुठनं आला?" घट्ट प्रावरणच वर चढत आलं, दाब उतरला, तेव्हा त्यातला थोडा भाग वितळला आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. हे मी विहिरीवरच सांगितलं होतं, पण तोवर चहा आला.

भूगोलाच्या मास्तरांनी तरी प्रावरण लाल रंगवून त्याला लाव्हा म्हणणं बंद करावं. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. यावर दाजींचं उत्तर अजून यायचंय.

राहिलं ते असं. साधारण 660 किलोमीटरखाली खनिजंच बदलतात. तिथे ब्रिजमनाइट नावाच्या खनिजाचं राज्य, आणि ते नेमकं कसं सरकतं यावर अजून वाद आहेत. प्रयोगशाळेत स्फटिक काही तासांत दाबून वाकवतात, पृथ्वी तेच काम अब्जावधी पट सावकाश करते, त्यामुळे आकडे जपून वापरावेत. खाली बुडणाऱ्या थंड भूपट्टांत सातशे किलोमीटरपर्यंत भूकंप होतात, तेही खरं. आणि 2,900 किलोमीटरखालचा बाह्य गाभा खरोखर द्रव आहे. तो वितळलेल्या लोखंडाचा आहे, दगडाचा नाही, पण दाजींना तेवढंही पुरेल, म्हणून हे उत्तर ताईला पाठवत नाहीये.